चाळीतली आंधळी कोशिंबीर: गेममध्ये त्रिमितीय आवाज कसा उभा करायचा

आमच्या गिरगावातल्या चाळीच्या चौकात आम्ही आंधळी कोशिंबीर खेळायचो. ज्याच्यावर राज्य, त्याच्या डोळ्यांवर ओढणी घट्ट बांधायची, तीनदा गरगर फिरवायचं आणि सोडून द्यायचं. बाकीचे टाळ्या वाजवत, चपला घासत इकडून तिकडे पळायचे. दोन-चार मिनिटं चाचपडून झाली की राज्य असलेला भिडू नेमका कुणाचा तरी दंड पकडायचा. डोळे बंद होते, पण कोण जिन्याखाली दबा धरून बसलंय आणि कोण नळापाशी उभं आहे, हे कानांना कळत होतं.

गेममधला त्रिमितीय आवाज म्हणजे हाच खेळ. फरक एवढाच, की इथे चौक नसतो, भिडू नसतात. कानांवर फक्त हेडफोनचे दोन छोटे स्पीकर असतात. तेवढ्यावर मेंदूची खात्री पटवायची असते की मागून कुणीतरी चालत येतंय. या लेखात आपण तोच चौक कॉम्प्युटरवर उभा करू. पडद्यावर चित्र नाही, पाच-सहा आवाज, आणि खेळणाऱ्याने ऐकून ऐकून एकेकाला गाठायचं. त्यासाठी युनिटी हे गेम इंजिन आणि व्हॉल्व्ह या गेम कंपनीचं स्टीम ऑडिओ हे प्लग-इन, म्हणजे इंजिनाला जोडायची पुरवणी, लागेल. शिकण्यासाठी दोन्ही फुकट आहेत. शिवाय एक वायरचा हेडफोन, रेकॉर्डिंगसाठी फोन आणि मोकळे दोन रविवार.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. 'थ्रीडी साउंड लावला, पण काही जाणवतच नाही' ही तक्रार मी नव्या मुलांकडून सतत ऐकतो. मग ती प्लग-इन बदलतात, हेडफोन बदलतात. दोष बहुतेक वेळा त्यांनी आत घातलेल्या आवाजातच असतो. प्लग-इन आवाजाला दिशेची खूण लावतं, पण खूण उमटायला आवाजात जागा असावी लागते. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त वेळ रेकॉर्डिंगवर जाणार आहे.

आधी कान समजून घ्या

डोळे मिटून बसा आणि घरातल्या कुणाला तरी तुमच्या डाव्या बाजूला चुटकी वाजवायला सांगा. चुटकी आधी डाव्या कानात पोचते, मग उजव्या. दोन कानांमधलं अंतर साधारण १७-१८ सेंटिमीटर आणि आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. डोक्याचा वळसा धरला तरी हा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद भरतो. इतक्या बारीक फरकावरून मेंदू दिशा काढतो. दुसरी खूण आवाजाच्या जोराची. डोकं मध्ये आडवं येत असल्याने उजव्या कानात आवाज थोडा दबून पोचतो. लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये या दोन खुणा एकत्र मांडल्या. साधारण १,५०० हर्ट्झच्या खालच्या जाड आवाजांची दिशा मुख्यतः वेळेवरून कळते, वरच्या बारीक आवाजांची जोरावरून.

आता चुटकी बरोबर नाकासमोर वाजवायला सांगा आणि मग बरोबर डोक्याच्या मागे. दोन्ही वेळा दोन कानांत फरक शून्य, तरी पुढे की मागे ते तुम्हाला कळतं. कानाच्या बाहेरच्या भागाला ज्या घड्या आणि वळ्या असतात, त्यांची ही करामत. त्यांच्यावर आपटून आत जाताना आवाजातल्या काही बारीक लहरी उचलल्या जातात, काही खोडल्या जातात. समोरून आलेल्या आवाजाची खोडाखोड वेगळी, मागून आलेल्याची वेगळी, डोक्यावरून आलेल्याची आणखी वेगळी. हे सगळं मुख्यतः ४-५ हजार हर्ट्झच्या वर घडतं. हा आकडा लक्षात ठेवा, रेकॉर्डिंग करताना तो लागणार आहे.

ही खोडाखोड मोजता येते. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९९४ मध्ये केमार नावाच्या पुतळ्याच्या कानांत मायक्रोफोन बसवून ७१० दिशांनी आवाज सोडून मोजमाप झालं आणि ते सगळ्यांना खुलं केलं गेलं. प्रत्येक दिशेसाठी डाव्या कानाची एक गाळणी आणि उजव्या कानाची एक. या गाळण्यांच्या संचाला एचआरटीएफ म्हणतात. कोरा आवाज घ्यायचा, हव्या त्या दिशेच्या जोडगाळणीतून काढायचा आणि हेडफोनवर सोडायचा. सगळी विद्या मुळात एवढीच आहे.

ही विद्या गेममध्ये नवी नाही. ऑरियल कंपनीचं एथ्रीडी हे त्रिमितीय आवाजाचं तंत्र १९९७-९८ च्या सुमारास साउंड कार्डांवर येत होतं आणि १९९८ च्या हाफ-लाइफ या गेममध्ये ते चालायचं. क्रिएटिव्ह कंपनीशी झालेल्या कोर्टकज्ज्यांनंतर २००० मध्ये ऑरियलचं दिवाळं निघालं आणि तिची मालमत्ता क्रिएटिव्हनेच विकत घेतली. पुढे विंडोज व्हिस्टाने साउंड कार्डाकडून परस्पर थ्रीडी काम करून घेण्याची जुनी वाटच बंद केली. त्यामुळे मधली बरीच वर्षं ही कला मागे पडली, याचं मला आजही वाईट वाटतं. आता हे काम प्रोसेसरच सहज करतो. स्टीम ऑडिओ २०१७ मध्ये आलं, आणि २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये तर आवाजाच्या या हिशेबासाठी वेगळी यंत्रणाच बसवली आहे.

पायरी पहिली: हेडफोन आणि सेटिंग

महागडा हेडफोन लागत नाही. मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडला गेलात तर 'सेव्हन पॉइंट वन', म्हणजे चहूबाजूंच्या सात स्पीकरचा आवाज, असं लिहिलेला खोका पुढे केला जाईल. असे बहुतेक हेडसेट आतून दोन स्पीकरचेच असतात आणि सातचा आभास सॉफ्टवेअर देतं. आपण तो आभास स्वतः तयार करणार आहोत, त्यामुळे साधा, दोन्ही बाजूंना सारखा वाजणारा, वायरचा हेडफोन घ्या. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो. साध्या जोडणीत हा उशीर सेकंदाच्या दहाव्या भागाच्याही पुढे सहज जातो. खेळणाऱ्याने मान वळवली आणि आवाज नंतर वळला, तर मेंदूचा विश्वास तिथेच उडतो.

मग तीन गोष्टी तपासा. विंडोज सोनिक, डॉल्बी किंवा हेडसेटबरोबर आलेला कुठलाही सराउंड बंद करा, नाहीतर तुमचा आवाज दोनदा गाळला जाईल आणि दोन्ही गाळण्या मिळून चिखल होईल. मोनो ऑडिओची सोय चुकून चालू राहिली असेल तर तीही बंद करा. आणि डावा स्पीकर डाव्याच कानावर आहे ना, हे बघा. हसू येईल, पण उलटा हेडफोन घालून तासभर डोकं फोडणारे लोक मी पाहिले आहेत.

पायरी दुसरी: आवाज गोळा करणं

इथे घाई करू नका.

दिशा कळायला आवाजात दोन गुण हवेत. एक, त्याची सुरुवात तडक असावी: टाळी, चप्पल, बादलीच्या कडीचा खणका. दुसरा, त्यात जाड ते बारीक सगळा पल्ला असावा. वर ४-५ हजार हर्ट्झचा आकडा सांगितला तो यासाठीच. ज्या आवाजात तेवढ्या उंच लहरी नाहीत, त्याच्यावर कानाची वळी काय लिहिणार? कबुतराचं घुमणं घ्या. खिडकीत कबुतर नक्की कुठे बसलंय हे सांगताना मुंबईकर किती वेळा चुकतो! आवाज जाड, एकसुरी, आणि हळूच सुरू होणारा. याउलट कुकरची शिट्टी: वाफेच्या फुसकाऱ्यात सगळा पल्ला भरलेला असतो, त्यामुळे कुठल्या खोलीतला कुकर ते लगेच कळतं. एकाच सुराचा इलेक्ट्रॉनिक 'बीप' तर दिशेसाठी अगदी निरुपयोगी.

आपल्या चौकासाठी मी हे आवाज सुचवतो: बांगड्यांचा किणकिणाट, घासत चालणारी चप्पल, लाकडी जिन्यावरची पावलं, सायकलची घंटी, पितळी कडीचा दरवाजा, बादलीत पडणारं पाणी. शेवटचा आवाज सतत चालू राहणारा असल्याने तो खेळणाऱ्याला खुंटासारखा उपयोगी पडतो. बाकी सगळे हलले तरी नळ जागेवरच असतो.

रेकॉर्डिंग करताना आवाज कोरा मिळाला पाहिजे, म्हणजे खोलीचा घुमारा त्यात नको. घुमारा आपण नंतर घालू. आधीच मिसळलेला मात्र काढता येत नाही. मुंबईत कोरी शांतता मिळते पहाटे दोन ते चारच्या मध्ये. पंखा बंद, फ्रीज बंद, कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं टाकायचं आणि त्याच्या दारांवर दोन जाड गोधड्या सोडायच्या. त्या कोनाड्यात फोन धरून, आवाजापासून वीतभर अंतरावर रेकॉर्ड करा. ४८,००० हर्ट्झ आणि डब्ल्यूएव्ही फाइल ठेवा. एमपीथ्री नको, फाइल लहान करताना ती सगळ्यात आधी वरच्या लहरींना कात्री लावते, आणि आपलं भांडवल तेच. रेकॉर्डर ॲपमधलं 'नॉइज रिडक्शन' बंद करायला विसरू नका.

आता माझी झालेली चूक सांगतो. जन्मापासून दिसत नाही असा माझा एक मित्र आहे. आवाजाचा माझा प्रत्येक प्रयोग मी आधी त्याच्या कानावर घालतो. पहिल्या चौकात त्याने नळ सांगितला, घंटी सांगितली, जिना सांगितला. बांगड्या आल्या की तो थांबायचा. दोन-तीनदा ऐकून म्हणाला, 'अरे, या बांगड्या चौकात नाहीत, पत्र्याच्या डब्यात वाजतायत.' मी प्लग-इनची सेटिंग्ज उलटीपालटी केली आणि त्यात एक रात्र घालवली. दोष निघाला फाइलमध्ये. माझ्या फोनला वर एक आणि खाली एक असे दोन मायक्रोफोन होते आणि बांगड्या मी फोनच्या खालच्या टोकाशी वाजवल्या होत्या. फाइल स्टिरिओ झाली. प्लग-इनने दोन्ही बाजूंची बेरीज करून एक आवाज केला. दोन मायक्रोफोनमध्ये १५ सेंटिमीटर अंतर, म्हणजे एका बाजूला आवाज ०.४४ मिलिसेकंद उशिरा आलेला. तो उशीर बेरजेत आला की सुमारे १,१००, ३,४००, ५,७०० हर्ट्झ अशा ठिकाणी आवाजात खळगे पडतात. कान दिशा ओळखतात तेही खळग्यांवरूनच! माझ्या फाइलमधल्या खोट्या खळग्यांनी खऱ्या खुणा पुसून टाकल्या होत्या.

म्हणून फाइल स्टिरिओ आली तर ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, 'स्प्लिट स्टिरिओ टू मोनो' करा, त्यातली एकच बाजू ठेवा आणि दुसरी टाकून द्या. दोन्ही मिसळू नका. मग आवाजाच्या आधीची रिकामी जागा कापा. पावलांचे सहा-आठ वेगवेगळे तुकडे ठेवा. एकच पाऊल पुन्हा पुन्हा वाजलं की कान त्याला माणूस मानत नाही.

पायरी तिसरी: चौक मांडणं

युनिटीत नवा थ्रीडी प्रोजेक्ट उघडा. एक युनिट म्हणजे एक मीटर, हे प्रमाण शेवटपर्यंत मोडायचं नाही. अंतराचा सगळा हिशेब त्याच्यावर चालतो. चौक ६ बाय १२ मीटरचा ठेवा, तिन्ही बाजूंनी भिंती, प्रत्येक मजला ३ मीटरचा, एका कोपऱ्यात जिना. युनिटीच्या असेट स्टोअरवर 'स्टार्टर असेट्स' नावाने फर्स्ट पर्सन चालण्याची तयार सोय फुकट मिळते. ती आणली की माउसने वळणं आणि चालणं आयतं मिळतं. ऑडिओ लिसनर, म्हणजे गेममधले खेळणाऱ्याचे कान, कॅमेऱ्यावरच असतो. तो जमिनीपासून दीड मीटरवर आहे आणि दृश्यात एकच आहे, याची खात्री करा.

प्रत्येक आवाजासाठी एक रिकामी वस्तू करून तिला ऑडिओ सोर्स जोडा. चप्पल जमिनीलगत ठेवा, बांगड्या मीटरभर उंचीवर, घंटी सायकलच्या हँडलच्या उंचीवर. बारीकसारीक वाटेल, पण चप्पल छातीच्या उंचीवर वाजली की कान नकळत बिचकतो. मग 'स्पेशल ब्लेंड'ची (Spatial Blend) पट्टी पूर्ण थ्रीडीकडे, म्हणजे १ वर न्या. ती मुळात ० वर असते, आणि ती तशीच राहिल्यामुळे अर्धे लोक इथेच अडकतात. डॉप्लर, म्हणजे वेगाने जवळ येणाऱ्या किंवा लांब जाणाऱ्या आवाजाचा सूर बदलणं, शून्य करा. चाळीत कुणी इतक्या वेगाने पळत नाही.

अंतरासाठी 'लॉगरिदमिक रोलऑफ' ठेवा आणि 'मिन डिस्टन्स' १. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. एक मीटरवरचा आवाज दोन मीटरवर ६ ने, चार मीटरवर १२ ने खाली. ही उतरंड कानाला ओळखीची असते. सोय म्हणून सरळ रेषेची उतरंड लावली तर जवळचा आणि दूरचा आवाज यांत फार फरक राहत नाही आणि चौक सपाट वाटतो.

आता प्ले दाबून डोळे मिटून ऐका. डावं-उजवं कळेल. पुढचं-मागचं कळणार नाही आणि सगळं डोक्याच्या आतच वाजेल. हा अनुभव नीट लक्षात ठेवा, कारण पुढच्या पायरीची तुलना याच्याशी करायची आहे.

पायरी चौथी: एचआरटीएफ लावणं

स्टीम ऑडिओचं युनिटीसाठीचं पॅकेज उतरवून आयात करा. प्रोजेक्ट सेटिंग्जमधल्या ऑडिओ विभागात 'स्पेशलायझर प्लग-इन' म्हणून स्टीम ऑडिओ निवडा. प्रत्येक ऑडिओ सोर्सवर 'स्पेशलाइझ'ची खूण करा आणि त्याच वस्तूला 'स्टीम ऑडिओ सोर्स' जोडा. त्यात 'डायरेक्ट बायनॉरल' चालू ठेवा. अंतराची उतरंड 'कर्व्ह ड्रिव्हन' ठेवली की तुम्ही युनिटीत आखलेली उतरंडच लागू राहते. हलणाऱ्या आवाजांसाठी इंटरपोलेशन 'बायलिनियर' करा, नाहीतर एका दिशेवरून दुसरीवर जाताना बारीक खरखर ऐकू येऊ शकते. 'एअर ॲब्सॉर्प्शन', म्हणजे हवेत बारीक लहरी विरणं, बारा मीटरच्या चौकात फारसं जाणवत नाही. मैदानाचा किंवा समुद्रकिनाऱ्याचा गेम असेल तर ते जरूर लावा.

पुन्हा डोळे मिटून ऐका, पण या वेळी एका जागी उभं राहून नुसतं ऐकू नका. माउसने हळूहळू डावीकडे-उजवीकडे वळा. वळल्याबरोबर पुढचं आणि मागचं वेगळं होतं. कारण साधं आहे. आवाज समोर असेल आणि तुम्ही डावीकडे वळलात, तर तो उजव्या कानाकडे सरकतो. तोच मागे असेल तर डाव्या कानाकडे सरकतो. हान्स वॉलाक या मानसशास्त्रज्ञाने १९४० मध्ये प्रयोगांनी दाखवून दिलं, की पुढचं-मागचं ओळखायला डोक्याची हालचाल फार मोठी मदत करते. आंधळी कोशिंबिरीत राज्य असलेला भिडू मान तिरकी करकरून ऐकतो, तो यासाठीच. म्हणून गेमची रचना करतानाच वळायला वाव ठेवा. आवाज एकदा वाजून संपला तर वळून उपयोग नाही. बांगड्या दोन-तीन सेकंद किणकिणू द्या, चप्पल पाच-सहा पावलं चालू द्या.

पायरी पाचवी: भिंती

जिन्याखाली लपलेल्या भिडूचा आवाज उघड्यावरच्यासारखा येता कामा नये. भिंतींना 'स्टीम ऑडिओ जॉमेट्री' जोडा, सामान निवडा (आमच्या चाळीला वीट आणि लाकूड चालतं) आणि स्टीम ऑडिओच्या मेन्यूतून दृश्य एक्स्पोर्ट करा. मग सोर्सवर 'ऑक्लूजन' आणि 'ट्रान्समिशन' चालू करा. ऑक्लूजनचे दोन प्रकार आहेत. 'रेकास्ट' एकाच रेषेवर भिंत आहे की नाही ते बघतो, त्यामुळे खांबाच्या कडेवर आवाज बटण दाबल्यासारखा चालू-बंद होतो. 'व्हॉल्युमेट्रिक' आवाजाला थोडा आकार देतो आणि कडेवर तो हळूहळू दबतो. माणसाच्या आवाजासाठी अर्ध्या मीटरची त्रिज्या पुरते. ट्रान्समिशनमध्ये जाड आवाज भिंतीतून जास्त झिरपतो, बारीक कमी. शेजारच्या खोलीतला टीव्ही जसा नुसता गुरगुरतो, तसं.

एक अडचण राहते. खऱ्या चाळीत बंद खोलीतला आवाज भिंतीतून कमी आणि उघड्या दारातून जास्त येतो, त्यामुळे तो दाराशीच आहे असं वाटतं. स्टीम ऑडिओत यासाठी 'पाथिंग'ची सोय आहे, पण पाच-सहा आवाजांच्या छोट्या गेमला मी ती सुचवत नाही. सरळ त्या खोलीतला आवाज दारातच ठेवा आणि तो थोडा मऊ करा. कानाला ते पूर्ण पटतं.

पायरी सहावी: वरचा मजला

हा भाग सगळ्यात अवघड आहे. उंचीची खूण जवळजवळ पूर्णपणे कानाच्या वळ्यांवर अवलंबून असते, आणि तुमच्या प्लग-इनमधले कान दुसऱ्याच कुणाचे तरी आहेत. काहींना तिसऱ्या मजल्यावरची कडी नेमकी वर ऐकू येईल, काहींना ती समोरच वाजतेय असं वाटेल. यात खेळणाऱ्याचा काही दोष नाही.

दोन उपाय आहेत. पहिला, कान निवडण्याची सोय द्या. कानांची मोजमापं साठवण्यासाठी सोफा नावाचं ठरलेलं फाइल-स्वरूप आहे; वेगवेगळ्या विद्यापीठांनी मोजलेले संच त्यात मिळतात आणि स्टीम ऑडिओ ते वाचतं. पाच वेगळे संच घाला, गेमच्या सुरुवातीला एक आवाज खालून वर फिरवा आणि विचारा, 'कुठल्यात तो खरंच वर गेला?' प्लेस्टेशन ५ नेही सुरुवातीला असेच पाच पर्याय दिले होते. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: उंची आवाजाच्या स्वभावातून सांगा. वरच्या मजल्यावर चालणाऱ्याच्या पावलांखाली लाकूड करकरतं, खालच्याच्या पावलांखाली लादी. लाकडाचा आवाज वर आणि लादीचा खाली हे खेळणारा दोन मिनिटांत शिकतो, आणि मग एचआरटीएफची कमजोर खूणही त्याला पुरते.

पायरी सातवी: घुमारा

कोरा आवाज डोक्याच्या आत वाजल्यासारखा वाटतो. त्याला बाहेर काढायला थोडा घुमारा लागतो. सोर्सवर 'रिफ्लेक्शन्स' चालू करा. कॉम्प्युटर जुना असेल तर तो हिशेब आधीच करून ठेवण्याची, म्हणजे 'बेक' करण्याची सोय वापरा. मिक्स लेव्हल शून्यापासून हळूहळू वाढवा. आवाज कपाळातून निघून बाहेर गेला असं वाटलं की थांबा. त्याच्या पुढे गेलात तर दिशा पुसट व्हायला लागते. कान आधी पोचलेल्या आवाजावरून दिशा ठरवतो आणि पाठोपाठ आलेल्या प्रतिध्वनींकडे दुर्लक्ष करतो, पण त्या दुर्लक्षालाही मर्यादा आहे. अंतर कळण्यासाठीही घुमारा कामाचा आहे: जवळच्या माणसाचा थेट आवाज जास्त, लांबच्याचा घुमारा जास्त.

मागचा गलका मात्र जपून घाला. कावळे, लांबून जाणारी लोकल, रस्त्यावरचे हॉर्न हे सगळं घालायचा मोह होतो. मलाही झाला होता. पण हॉर्न आणि कावळ्यांच्या आवाजातल्या बारीक लहरी त्या वरच्या पट्टीतही पोचतात जिथे दिशेच्या खुणा आहेत. गलका हळू ठेवा, इक्वलायझरने त्यातला ४ हजार हर्ट्झच्या वरचा भाग कमी करा आणि बांगड्या वाजताना तो आणखी खाली घ्या.

पायरी आठवी: डोळे बांधून परीक्षा

स्वतःवर परीक्षा घेऊ नका. आवाज कुठे ठेवलाय हे तुम्हाला माहीत असतं आणि कान मनाचं ऐकतात.

घड्याळाच्या १२ आकड्यांसारख्या बारा जागा ठरवा, सगळ्या खेळणाऱ्यापासून तीन मीटरवर. प्रत्येक जागेच्या तीन अशा ३६ चिठ्ठ्या करा, डब्यात हलवा आणि एकेक काढून तिथे आवाज वाजवा. ऐकणाऱ्याने घड्याळाचा आकडा सांगायचा. कागदावर दोन रकाने: खरा आणि सांगितलेला. पहिली फेरी न वळता, दुसरी वळण्याची मुभा देऊन.

चुका वेगवेगळ्या मोजा. १२ च्या जागी ६, १ च्या जागी ५, २ च्या जागी ४, १० च्या जागी ८ अशा आरसाचुका न वळता झाल्या तर घाबरू नका, त्या सगळ्यांच्याच होतात. वळूनही झाल्या तर आवाज फार लवकर संपतोय किंवा ब्लूटूथ लागलाय. एकच आवाज सगळीकडे चुकत असेल आणि बाकीचे बरोबर येत असतील तर फाइल तपासा, माझ्या बांगड्यांसारखी. सगळेच आवाज एका बाजूला सरकत असतील तर हेडफोनचा एक स्पीकर हळू वाजतोय.

परीक्षेला निदान एक माणूस असा बोलवा ज्याला एका कानाने कमी ऐकू येतं. दिशेच्या बहुतेक खुणा त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. त्याच्यासाठी आवाजाच्या दिशेला पडद्याची कडा उजळेल अशी सोय करा. हीच सोय लोकलमध्ये स्टेशनची घोषणा ऐकू यावी म्हणून एकच इअरफोन घालून खेळणाऱ्यांच्याही कामी येते.

बांगड्यांची फाइल बदलल्यावर मी त्याच मित्राला पुन्हा बोलावलं आणि त्याच चिठ्ठ्या काढल्या. तुम्हीही तसंच करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, चिठ्ठ्या त्याच ठेवा आणि जुना कागद शेजारी ठेवून मोजा. वळायला दिल्यावर बांगड्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या त्याने बरोबर सांगितल्या. मग हेडफोन न काढता विचारलं, 'तिसऱ्या मजल्यावरची कडी अजून समोरच वाजतेय, ती वर कधी नेतोस?' मी कानांचा दुसरा संच लावला आणि कडीखाली लाकडाची करकर घातली. त्याने मान वर केली.